तिसरं नाव

मेश्राम सिस्टर फॉर्म वाचण्याआधी त्याचा वास घ्यायच्या. चष्मा कपाळावर, डोळे मिटलेले, आणि आम्ही दिवसभर पायपीट करून भरलेले फॉर्म एकेक करून नाकाशी. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंचं डोकं जागेवर नाही. मग त्यांनी माझ्या गठ्ठ्यातले चार फॉर्म बाजूला काढले आणि विचारलं, "हे चार कुठं भरले?" मी म्हटलं, "गावात." "मंग त्या घराइत चुली नाईत का? याले भज्याचा वास येऊन राह्यला." ते चार मी खरोखरच घाटंजीच्या स्टँडवरच्या हॉटेलात, भज्यांची प्लेट समोर ठेवून पक्के केले होते. उत्तरं बायकांचीच होती, वहीत कच्ची उतरवून आणलेली. हे सांगायला मी तोंड उघडलं, तर सिस्टर म्हणाल्या, "खरं बोलाच्या आधी माणूस एवढा दम घेत नाई." चारही घरं दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागली.

सिंधू मेश्राम हे त्यांचं पूर्ण नाव, पण घाटंजीत त्यांना सिस्टर सोडून कोणी काही म्हणत नसे. आसपासच्या उपकेंद्रांत नर्स म्हणून अख्खी नोकरी काढलेली. निवृत्त झाल्या तरी बारीक निळ्या काठाची पांढरी साडी सुटली नव्हती. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, हातात पुरुषी मोठी छत्री, घर दवाखान्याच्या गल्लीत. घराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघायच्या, कोपऱ्यापर्यंत जायच्या आणि परत येऊन चौथ्यांदा ओढायच्या. गाडी कुठं जाते हे आधी कंडक्टरला विचारायचं, मग आत बसलेल्या एखाद्या म्हातारीला, मग खाली शेंगा विकणाऱ्याला. एकदा मी चिडून म्हटलं, "शेंगावाल्यावर विश्वास आहे, तर कंडक्टरला विचारताच कशाला?" तर म्हणे, "थो काय सांगते थे पाहाले."

मी पुसदची, नसरीन. अब्बांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान, घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, आणि त्या पदवीची हवा डोक्यात गेलेली. पुण्याच्या एका संस्थेनं आमच्या जिल्ह्यात एक अभ्यास काढला होता. गावात कोणाला काही झालं की बायका जिच्याकडे खरोखर धाव घेतात, अशी एकेक बाई प्रत्येक गावातून शोधायची. तिला प्रशिक्षण मिळणार होतं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दवाखान्याची एक गाडी तिच्या निरोपावर निघणार होती. एका गावाला एकच बाई. म्हणजे नाव चुकलं तर गाडी चुकीच्या दारात जाऊन उभी राहणार, आणि ज्या दारात माणूस तडफडतोय तिथं कोणी नाही. ही नावं शोधायला आम्ही पाच मुली होतो आणि आमच्यावर सिस्टर.

कापसाची ती वाईट वर्षं होती. बोंडअळी हटत नव्हती, औषधावर औषध मारणं चाललं होतं, आणि पोळा झाला की वावरातून माणसं घेरी येऊन पडायची. तोंडाला फेस, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. गावोगाव चौकशीवाले फिरत होते. कोणी फोटो काढायचं, कोणी फॉर्म भरायचं, आणि गेलेला माणूस परत फिरकायचा नाही. त्यामुळे आमच्या हातात कागद दिसले की बायका आत जायच्या आणि पुरुष बाहेर यायचे. एका म्हातारीनं तर मला सरळ विचारलं होतं, "मेल्यावर येता, आता जित्तेपणी कायले आल्या?" मी फॉर्म आवरायला घेतले. सिस्टर मात्र खूश झाल्या. म्हणाल्या, "हे घर चांगलं हाय. इथं खरं सांगतीन."

पुण्याहून छापून आलेला प्रश्न असा होता: 'आपल्या गावात आरोग्यविषयक बाबींमध्ये पुढाकार घेणारी महिला कोण?' सिस्टरनी तो वाचला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो मीच लिहिला होता. "हे इचारलं तं बाई म्हणन, आमच्या ह्याइले इचारा." त्यांनी प्रश्न बदलला: घरात कोणाला काही झालं तर तू कोणाच्या घरी पळतेस? विचारायचं ते सासूसमोर नाही, नवऱ्यासमोर तर नाहीच. आणि एक नाव घेऊन उठायचं नाही, तीन घ्यायची.

"पह्यलं नाव मानाचं असते," त्या सांगायच्या. "दुसरं भेवाचं. कामाचं नाव तिसरं येते. पह्यल्या दोन नावाइले मान हालवाची, लिवून घ्याचं, आन मंग पाणी मांगाचं. पाणी देता देता तिसरं नाव येते."

मला हा सगळा खुळेपणा वाटायचा. मी पुस्तकातून नमुना निवड शिकून आले होते. मला कोण नर्सबाई शिकवणार. पण बोरी अरबजवळच्या एका गावात माझी चांगली जिरली. तिथं पहिलं नाव आलं सरपंचाच्या बायकोचं. दुसरं एका बाईचं, जिच्या अंगात यायचं. आणि पाणी मागितल्यावर घरोघर तिसरं नाव आलं सुगराबीचं. ही सुगराबी बांगड्या भरायला दारोदार फिरणारी. मी म्हटलं, हिचा आरोग्याशी काय संबंध? सिस्टर मला तिच्याकडे घेऊन गेल्या. सुगराबी म्हणाली, "बेटी, मैं तो हर औरत का हाथ पकडती. सहाव्या-सातव्या महिन्यात नेहमीच्या मापाची चुडी अडली, की मी तिच्या सासूला सांगते, हिला दवाखान्यात ने, हात सुजला." त्या गावात बाळंतपणात झटके येऊन कोणी गेलं नव्हतं. परतताना सिस्टर एसटीत मला फक्त एवढंच म्हणाल्या, "तुह्या पुस्तकात चुडी हाय का?" त्यानंतर मी निमूटपणे पाणी मागायला लागले.

मग आला तो तांडा. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही, आणि ज्या बाईबद्दल सांगणार आहे तिला धानीबाई म्हणते. तेही तिचं खरं नाव नाही. नाव कागदावर गेलं की काय होतं, हे मी त्याच तांड्यात शिकले.

घाटंजीपासून तासाभराची वाट, फाट्यावर उतरून पुढे पायी. बंजाऱ्यांची साठ-सत्तर घरं, भोवती कपाशी. आम्ही दोघी तीन दिवस घरं फिरलो. पहिलं नाव तांड्याच्या प्रमुखाच्या, नायकाच्या बायकोचं, नायकणीचं, ते ठरलेलंच. दुसरं पोलीस पाटलाच्या बायकोचं. मी पाणी मागितलं. पाणी मिळालं. तिसरं नाव आलं नाही. "आणखी कोण?" "छेनी, बाई." छेनी म्हणजे नाही. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. तिसऱ्या दिवशी माझं पोट पाण्यानं डबडबलं होतं आणि एकाही फॉर्मवर तिसरं नाव नव्हतं.

"नसेल कोणी," मी म्हटलं. शुक्रवारपर्यंत यादी पुण्याला पाठवायची होती. नाही गेली तर पुणेवाले पहिलं नाव धरून मोकळे होणार होते. "नायकण लिहून टाकू."

"नायकणीचं पोट्टं मांगच्या महिन्यात आजारी पडलं, तं नायकच रडत बसला होता," सिस्टर म्हणाल्या. "आन मले एक सांग. या तांड्यातून यंदा तीन फवारणीवाले माह्या दारात आले. दवाखाना समोर हाय, पन जीपवाला आधी माह्या दारात आणते. काहून आणते, इचारलं तं म्हणते मले तसंच सांगतलं. कोणं सांगतलं, तं म्हणते लोकाइनं. तिन्ही माणसं साबणानं धुतलेली. अंगावरचे कपडे काढलेले, घरातलं धुतलेलं पातळ गुंडाळलेलं. आन हातात औषधाची बाटली, डाक्टरले दाखवाले." त्या थांबल्या. "घाबरलेले लोक माणूस आणतात. बाटली कोणी आणत नाई. बाटली ध्यानात ठेवणारी एक बाई इथं हाय, आन हे सारे मिळून तिले लपवून राह्यले."

तिघंही जगले होते. म्हणजे बाई होती, तिला येत होतं, आणि साठ-सत्तर घरं तिच्यासाठी आमच्या तोंडावर खोटं बोलत होती. मी म्हटलं, "आपल्यापासून लपवायचं काय? आपण तर गाडी द्यायला आलोय." सिस्टर चालू लागल्या. फाट्यापर्यंत त्या पुढे चालत होत्या आणि मी मागे. मधेच थांबून त्यांनी मागे वळून तांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या नजरेत संशय नव्हता, आणि त्यानंच मला जरा भीती वाटली.

चौथ्या दिवशी फाट्यावर उतरलो तशा सिस्टर बाभळीखालच्या दगडावर बसल्या, छत्री उघडली. "तू जा. मी इथंच बसतो." मला वाटलं, गुडघे दुखत असतील. "गुडघ्याले काई नाई झालं. मी दिसतो म्हून नाव येऊन नाई राह्यलं." आणि मग समोरच्या डांबरी रस्त्याकडे बघत त्यांनी मला सांगितलं. दम न घेता.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी हा तांडा त्यांच्या उपकेंद्रात होता. इथली सुईण धानीबाई. तिला सिस्टरनीच शिकवलं होतं: हात कसे धुवायचे, केव्हा हात लावायचा नाही आणि दवाखान्याची वाट धरायची, फवारणीत माणूस पडला तर आधी काय करायचं. एका सकाळी तांड्यातून निरोप आला की बाळंतीण अडलीय, या. सिस्टरना वाटलं, नेहमीसारखी हाकाटी. त्याआधी दोनदा असंच बोलावून नेलं होतं आणि काहीच नव्हतं. त्यांनी निरोप्याची उलटतपासणी घेतली, त्याला परत पाठवलं, खात्री करून ये म्हणाल्या. सिस्टर पोचल्या तेव्हा दुपार उलटून गेली होती. बाई दवाखान्याच्या वाटेत गेली. लेकरू वाचलं. वरून चौकशी आली, उशीर कोणाचा? सिस्टरनी अहवालात लिहिलं: सुईणीने कळवण्यास उशीर केला. खाली सुईणीचं नाव.

"नोकरी गेली असती," त्या म्हणाल्या. "तिले तालुक्याले बलावलं. आठ दिवस कचेरीच्या पायरीवर बसवलं. लिवता-वाचता येत नाई, अंगठा घेतला. त्यानंतर तिनं कोणाचं बाळंतपण केलं, असं कोण्या कागदावर नाई."

मला त्यांचा राग आला, हे कबूल करते. तोवर ज्या संशयाला मी हसत होते, त्याची किंमत एका बाईनं जिवानं मोजली होती आणि दुसरीनं अब्रूनं. मी त्यांना तिथेच दगडावर सोडून निघाले. मागून हाक आली, "नसरीन, पाणी घरात जाऊन मांग. दारात नको."

पहिल्याच घरातल्या म्हातारीनं विचारलं, "थे सिस्टर कुठं हाय?" म्हटलं, फाट्यावर. तिनं सुनेला पाठवून खरंच फाट्यावर आहे का ते बघून यायला सांगितलं. सून येईपर्यंत मी खाटेवर बसून राहिले. सून आली, मान हलवली, आणि म्हातारी म्हणाली, "धानी. लिंबाजवळचं घर." पुढच्या घरी धानी. त्याच्या पुढच्या घरी, मी पहिलं नाव विचारायच्या आत, धानी. दुपारपर्यंत बावीस घरांमधून एकच तिसरं नाव आलं, आणि दर वेळी मागून तेच: "तिले काई होणार नाई ना?"

धानीबाई अंगणात तुरीच्या डाळीतले खडे निवडत होती. साठीची, काटक, हातातले जुने बलोये, बंजारा बायकांच्या पांढऱ्या बांगड्या, कोपरापर्यंत. दाराच्या आतल्या बाजूला दोरीवर एक धुतलेलं पातळ घडी करून टाकलेलं आणि कोनाड्यात कपड्याच्या साबणाची नवी वडी. मला ते दिसलं, हे तिला दिसलं.

"सांगतलं का कोणी?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. खोटं बोलून उपयोग नव्हता. तिनं सूप खाली ठेवलं. "भर मंग. काय भराचं थे."

आमचा नियम होता, जिचं नाव आलं तिलाही तोच प्रश्न विचारायचा. मी विचारलं, "तुमच्या घरात कोणाला काही झालं, तर तुम्ही कोणाच्या घरी पळता?" तिनं पहिलं नाव नायकणीचं दिलं. दुसरं पोलीस पाटलिणीचं. मी पाणी मागितलं. ती उठली, आत गेली, तांब्या भरून आणला, माझ्या हातात दिला आणि परत बसून डाळ निवडायला लागली. बराच वेळ खडेच निवडत होती.

"सिंधूबाई," ती म्हणाली. "घाटंजीची सिस्टर."

मी तांब्या खाली ठेवला. लिहिताना माझा हात थरथरला, आणि ते फॉर्मवर स्पष्ट दिसत होतं.

फाट्यावर सिस्टरनी गठ्ठा घेतला, चष्मा कपाळावर, एकेक फॉर्म नाकाशी. धानीबाईचा फॉर्म आला. वास घेतला, चष्मा खाली घेतला, वाचला. पुन्हा वाचला. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हे तू लिवलं."

"मीच लिहिलं. तिनं सांगितलं ते."

"नाई. तुले माही दया आली म्हून तू लिवलं. हे पाह्य, अक्षर हाललं."

मला इतका संताप आला की माझी पदवी, त्यांचं वय, सगळं विसरले. म्हटलं, "सिस्टर, ज्या फॉर्मची शंका येईल तो सुपरवायझरनं स्वतः जाऊन पुन्हा विचारायचा. नियम तुमचाच आहे. मला चार घरं तुम्ही भज्याच्या वासावरून परत करायला लावलीत. उठा, जा, विचारून या." सिस्टरनी फॉर्म माझ्या हातात दिला. मग छत्री मिटली, आणि ती टेकत तांड्याची वाट धरली. मी मागे गेले. मला त्यांच्यावर विश्वास नव्हता की त्या खरंच विचारतील.

तांड्यात शिरताच दारं लागू लागली. लिंबाजवळ धानीबाई तशीच बसली होती. तिनं वर पाहिलं नाही. सिस्टर अंगणाच्या कडेला उभ्या राहिल्या. बसा असं कोणी म्हटलं नाही.

"धानी," सिस्टर म्हणाल्या, "माहं नाव तू सांगतलं?"

"सांगतलं."

"काहून?"

"हिनं कामाचं नाव इचारलं, कामाचं सांगतलं. माणूस धुवाचा, बाटली संग न्याची, हे मले कोणं शिकवलं? तूनंच. दवाखान्यात गरिबाच्या आंगावर वरडतात, तं तिथं कोण वरडते त्याइच्यावर? तूच. म्हून जीप तुह्या दारात पाठवतो." तिनं सूप झटकलं. "माफ केलं का, हे तुह्या कागदात इचारलं नाई. इचारलं असतं तं तुहं नाव आलं नसतं."

सिस्टरनी छत्री जमिनीवर ठेवली. मग म्हणाल्या, "उशीर माहा होता. म्या तुहं नाव खोटं लिवलं."

"मले माईतच हाय. तुले माईत हाय का नाई, थेच इतकी वर्सं पाहून राह्यलती."

शेजारच्या दारांमागे बायका उभ्या होत्या, हे आवाजावरून कळत होतं. मी मधे बोलले, मला बोलायलाच हवं होतं. शुक्रवारी यादी जाणार, धानीबाईचं नाव नसेल तर नायकणीचं जाईल, गाडी तिच्या निरोपावर निघेल, आणि पुढचा माणूस वावरात पडला की कोणीतरी नायकणीला शोधत फिरेल. धानीबाईनं ते सगळं ऐकून घेतलं. तिला ते माझ्याआधीच कळलेलं होतं.

"माहं नाव एकडाव हिच्या हातानं गेलं," ती म्हणाली. "आता बी हिच्याच हातानं जाऊ दे. आन मांगचं काय झालं, थे बी हिनंच लिवाचं. खाली सही कराची. नाई तं नाव नाई."

सिस्टर खाली मातीवर बसल्या. मी फॉर्म दिला, पेन दिला. फॉर्मच्या शेवटी शेऱ्याला तीन ओळींची जागा असते. आम्ही ती बहुधा कोरी सोडायचो. सिस्टरनी ती भरली. धानीबाईनं मला वाचायला सांगितलं. मी वाचलं: 'या गावासाठी धानीबाई हिचेच नाव धरावे. पूर्वीच्या एका अहवालात उशिराचा दोष तिच्यावर लिहिला गेला, तो खोटा आहे. निरोप वेळेवर आला होता, उशीर माझा होता.' खाली सही, पूर्ण नाव, आणि जुना हुद्दा.

धानीबाईनं माझ्याकडे निरखून पाहिलं. मग सिस्टरकडे. "हे तुहीच पोट्टी हाय. तुले पायजे तसंच वाचन." तिनं आत हाक मारली. तिची सून बाहेर आली, दहावीपर्यंत शिकलेली, हात पिठाचे. तिनं पदराला हात पुसून कागद घेतला आणि एकेक शब्द पुन्हा वाचला. तोच निघाला. तेव्हा कुठे धानीबाईनं सुपातली डाळ डब्यात ओतली आणि म्हणाली, "पाठव."

तेवढ्या वेळात सिस्टरना मी पहिल्यांदा हसताना पाहिलं, म्हणजे ओठाचा एक कोपरा जरासा. परतीच्या वाटेवर त्या म्हणाल्या, "मले वाटत होतं, हे मीच शिकवलं तिले. एकाले इचारलं तं दुसऱ्याले बी इचाराचं." पुढे बरंच अंतर चालल्यावर म्हणाल्या, "नाई. हे तिचंच हाय. म्या तिच्यापासून घेतलं असन." त्यातलं खरं कोणतं, ते मला आजही माहीत नाही.

शुक्रवारी यादी गेली. पुण्याहून फोन आला की शेऱ्यात वैयक्तिक मजकूर आहे, स्वच्छ फॉर्म पाठवा. सिस्टरनी पाठवला नाही. "थो स्वच्छच हाय," एवढंच सांगितलं. पुणेवाले कुरकुरले, पण धानीबाईचं नाव लागलं. तिनं प्रशिक्षण घेतलं. म्हणजे वर्गात मागे बसून शिकवणाऱ्या डॉक्टरच्या चुका काढल्या. गाडी तिच्या निरोपावर निघू लागली. तांड्यातून माणसं येत राहिली, धुतलेली, पातळात गुंडाळलेली, बाटलीसकट. गाडी आता सरळ दवाखान्यात जाऊ शकत होती, तरी ती आधी सिस्टरच्या दाराशी थांबायची. सिस्टर तिथून वॉर्डापर्यंत चालत जायच्या आणि आवाज चढवायच्या. दोघी एकमेकींना भेटायला मात्र कधी गेल्या नाहीत. मी एकदा सुचवून पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, "तिनं बलावलं नाई." धानीबाईला विचारलं तर ती म्हणाली, "माहं काई दुखून नाई राह्यलं."

अभ्यास संपला, मी यवतमाळला दुसऱ्या कामाला लागले. आता मीच मुलींना फॉर्म भरायला शिकवते. पुस्तकात लिहिलेलं शिकवते आणि मग पाणी मागायला शिकवते. फॉर्मचा वास मात्र मला येत नाही. कित्येकदा नाकाशी धरून पाहिला, मला नुसता कागदच लागतो.

सिस्टर गेल्या त्या हृदयविकारानं, भर दुपारी, दाराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येताना. कुलपाशीच कोसळल्या. समोर दवाखाना, पण त्यांच्यासाठी तिथं आवाज चढवणारं कोणी नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी पोचले. गल्लीत गर्दी पुष्कळ, सगळे आपापसात सिस्टरनी आपल्यावर कधी कसा संशय घेतला ते सांगत होते आणि डोळे पुसत होते. मीही तेच करत होते.

धानीबाई तिसऱ्या प्रहरी आली, सुनेबरोबर, काळीपिवळीनं. ती घरात गेली नाही. दाराशी उभी राहून तिनं मला विचारलं, "खरंच गेली?" मी हो म्हटलं. तिनं शेजारणीला विचारलं. मग सिस्टरच्या भाच्याला. तिघांचंही एकच उत्तर आलं. तेव्हा तिनं ओटीवर बसून पदर तोंडाला लावला. रडली की नाही, पदराआड कळलं नाही. मी मात्र रडले, ते लपवायचं कारण नाही.

बऱ्याच वेळानं तिनं पदर काढला आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं. सिस्टर फॉर्म बघायच्या तसं.

"तुहं घर कुठं हाय?" तिनं विचारलं.

"यवतमाळात. मोठ्या दवाखान्याच्या मागे."

"मांगं म्हणजे कोण्या बाजूनं?"

मी बाजू सांगितली, गल्ली सांगितली, शेजारची पिठाची गिरणी सांगितली. तिनं सुनेला जवळ बोलावलं आणि मला म्हणाली, "आता हिले सांग. पुन्हा पह्यल्यापासून."